मुंबईच्या भिंतींवरची माकडं आणि माणसं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'दगड आणि पाथरवट'. परिचयातच बराच वेळ गेला, तेव्हा थेट हायकोर्टात जाऊ. घाबरू नका, फक्त बघायला.

1878 साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत एका खांबाच्या माथ्यावर न्यायाधीश माकड कोरलंय. हातातला तराजू कललेला. डोळ्यावर पट्टी आहे, पण एकाच! दुसरा उघडा, कुठलं पारडं जड ते बघायला. आणखी एके ठिकाणी वकिली बँड लावलेला कोल्हा. (इथे कुणी वकील आहेत? आहेत. मग कोल्ह्याबद्दल एवढंच.) दंतकथा अशी, की एक पारशी कंत्राटदार इंग्रजाविरुद्ध खटला हरला आणि त्यानं दगडात अपील केलं. खरं-खोटं जाऊ द्या. साहेबाच्या कोर्टात हे कोरलं गेलं आणि कुणी छिन्नी लावून उडवलं नाही, ही गंमत! म्हणजे तपासणीला आलेल्यांनीही मान वर केली नसणार. आपण तरी कुठे करतो? बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटी स्टेशनात, मान वर होते ती इंडिकेटरसाठी.

आणि जे दिसतं त्याचं आपण काय करतो? फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत कमानीच्या मधल्या दगडावर एक सुरेख मिशाळ चेहरा आहे. मागे गेलो तर त्याला चॉकलेटी ऑइलपेंट! कानामागून केबल, हनुवटीखाली एसीचं पाणी. सेक्रेटरींना म्हटलं, अहो, हे काय? ते म्हणाले, "पुसायला सोपं पडतं." यावर काय बोलणार? मी चहा घेतला. चहा मात्र चांगला होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय, पळत पळत.

आपला काळा बेसॉल्ट कठीण, त्यात बारीक नक्षी काढणं जिवावर येतं. म्हणून भिंती स्थानिक दगडाच्या आणि नाजूक काम बऱ्याचदा पोरबंदरच्या मऊ दगडात. तो कोरायला सोपा, झिजायलाही सोपा. हात कुणाचे? बोरीबंदरच्या पानाफुलांत, पशुपक्ष्यांत जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. राजाबाई टॉवरवरच्या पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या चोवीस आकृत्या रावबहादूर मुकुंद रामचंद्रांच्या. बाकी पाथरवटांची नावं शोधू गेलात तर हाती फारसं लागत नाही.

आता एकच तुलना. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील, 1865 साली जेजेत शिकवायला आलेले. मार्केटच्या शिल्पांतले कष्टकरी कमानीच्या आत, चौकटीत बसवलेले. तिथून फ्लोरा फाउंटनकडे चालत या. 1930च्या दशकातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या विमा कंपनीची इमारत, शिल्पकार ना. ग. पानसरे. कष्टकरी इथेही आहेत. शिवाय दर्शनी भागावर अशा भव्य मानवाकृती की इमारत त्यांनीच तोलून धरल्यासारखी वाटते. साठ-सत्तर वर्षांत माणूस दारावरच्या चौकटीतून बाहेर येऊन अख्खी भिंत व्यापतो, हे मला आज सविस्तर सांगायचं होतं.

बघायला जाल तर समोरच्या फुटपाथवर उभे राहा. खालून नुसत्या हनुवट्या दिसतात.