ग्रुप टूरने युरोपात जाताय? व्हिसाच्या स्टिकरवरचा तो आकडा आधी वाचा

नमस्कार. युरोपच्या ग्रुप टूरवरचा मागचा व्हिडिओ आल्यापासून प्रतिक्रियांमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे. टूर कंपनी तिकिटे काढते, हॉटेले ठरवते, व्हिसाचे अर्जही भरून देते, मग प्रवाशाने स्वतः बघायचे तरी काय? माझे उत्तर असे आहे की बाकी काही बघितले नाही तरी एक वेळ चालेल, पण सीमा स्वतः बघा. जेवण, खोल्या आणि बस हे सारे गटाचे असते. सीमेवर मात्र प्रत्येक जण एकटा असतो, आणि तेथे टूर मॅनेजर तुमच्या वतीने एक शब्दही बोलू शकत नाही.

प्राथमिक गोष्टी भरभर सांगते. शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे आपापसांतल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातून, ज्या दिवशी बाहेर पडणार त्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, त्यात किमान दोन पाने कोरी असावीत आणि प्रवासविम्यात किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असावे. हे सर्व कंपनीच्या यादीत लिहिलेले असते आणि कंपनी ते तपासतेही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचा आहे तो व्हिसाच्या स्टिकरवर. पासपोर्ट हातात आला की आपण आपला फोटो कसा आला आहे ते पाहतो, तारखा पाहतो आणि पासपोर्ट कपाटात ठेवून देतो. प्रत्यक्षात त्या स्टिकरवर तीन स्वतंत्र गोष्टी छापलेल्या असतात. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, त्या काळात शेंगेन क्षेत्रात किती वेळा प्रवेश करता येईल आणि एकूण किती दिवस राहता येईल. यातील मधला आकडा, म्हणजे एन्ट्री, कोणीच वाचत नाही. तेथे ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे अनेक वेळा) असे लिहिलेले असते. ०१ असेल तर आत एकदाच जाता येते. एकदा बाहेर पडलात की तारखा शिल्लक असोत वा दिवस शिल्लक असोत, तो व्हिसा संपला.

यावर लगेच प्रतिक्रिया येते की युरोपात सीमाच नसतात, मग बाहेर पडण्याचा प्रश्न येतोच कोठे? हे वाक्य वाचले की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन नावाच्या लहानशा गावाजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर पाच देशांनी करार केला आणि आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. युरोपचा नकाशा, युरोपीय संघाचा नकाशा आणि शेंगेनचा नकाशा हे तीन वेगळे नकाशे आहेत. स्वित्झर्लंड संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींत नाही. तेव्हा ‘युरोपचा व्हिसा’ नावाची कोणतीही वस्तू अस्तित्वात नाही.

आता तोच आकडा टूरच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवून पाहू. समजा, टूर पॅरिसहून सुरू होते, मध्ये दोन रात्री लंडनला आहेत आणि पुढे ॲम्स्टरडॅम आहे. कागदावर हा एक सलग प्रवास दिसतो, बसही कदाचित तीच असते. पण पॅरिसहून लंडनला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि ॲम्स्टरडॅमकडे जाताना दुसऱ्यांदा आत येता. या टूरला दोन एन्ट्री लागतात, शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. हीच टूर लंडनहून सुरू होऊन ॲम्स्टरडॅमला आणि पॅरिसला संपली, तर एक एन्ट्री पुरते. शहरे तीच आहेत, फक्त क्रम बदलला आहे.

बाल्कनच्या टूर अलीकडे बऱ्याच निघतात, म्हणून तिकडचे उदाहरण देते. क्रोएशियातील स्प्लिट या शहरातून बस दुब्रोव्हनिकला निघते. ही दोन्ही शहरे क्रोएशियातच आहेत, पण मध्ये नेउम येथे बोस्निया व हर्झेगोव्हिनाचा किनाऱ्यापर्यंत आलेला एक चिंचोळा पट्टा आहे. पूर्वी एकाच देशातील या दोन शहरांमध्ये जमिनीने जाताना परदेशात शिरून पुन्हा बाहेर यावे लागत असे. २६ जुलै २०२२ रोजी सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा पेल्येशाट्स पूल खुला झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला. आज बस पुलावरून गेली तर सीमा लागतच नाही. मात्र त्याच वाटेवर मोस्तारचा जुना दगडी पूल पाहण्यासाठी एक दिवस बोस्नियात जाण्याचा कार्यक्रम असेल, तर दुब्रोव्हनिकला पोहोचताना तुमची दुसरी एन्ट्री होते. एका पुलाने एन्ट्री वाचते, तर दुसऱ्या पुलामुळे वाढते. म्हणून कार्यक्रमपत्रिका हातात आली की बस कोणत्या रस्त्याने जाणार आहे, हे कंपनीला विचारावे.

तिसरी बाजू एका प्रेक्षक ताईंच्या प्रश्नातून आली. त्यांची टूर पॅरिसला संपते, नंतर त्या लंडनला बहिणीकडे चार दिवस राहणार आहेत आणि पुन्हा पॅरिसला येऊन ठरलेल्या विमानाने घरी परतणार आहेत. त्यांनी लिहिले आहे, “टूर तर संपलेली असेल, मग काय अडचण आहे?” ताई, टूर संपली तरी पॅरिस शेंगेनमध्येच राहते. परतीच्या विमानासाठी पॅरिसला येणे हीदेखील एन्ट्रीच आहे, आणि कंपनीने अर्ज करताना तुमच्या बहिणीचे घर हिशेबात धरलेले नसते. टूरला जोडून काही करायचे असेल, तर ते अर्ज करण्यापूर्वीच कंपनीला सांगावे. शिवाय अर्ज कंपनीने भरलेला असला तरी व्हिसा वकिलात देते; दोन एन्ट्री मागितल्या म्हणजे दोनच मिळाल्या असे गृहीत धरू नये. पासपोर्ट परत येईल त्याच दिवशी स्टिकर वाचावा, म्हणजे काही चुकले असल्यास हालचाल करायला वेळ राहतो.

दिवसांविषयी थोडक्यात सांगते. बऱ्याचदा स्टिकरवरच्या तारखांमध्ये दिवसांच्या संख्येपेक्षा पंधरा दिवस अधिक असतात. ही सवलत प्रवास थोडा पुढेमागे झाला तर उपयोगी पडावी म्हणून असते, जास्त राहण्यासाठी नसते. दिवस दहा असतील तर दहाच, आणि त्यात येण्याचा दिवस व जाण्याचा दिवस दोन्ही धरले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे पुसट शिक्क्याचा फायदा मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये.

आता प्रत्यक्ष सीमेकडे येऊ. फ्रान्समधील कॅले येथे बोट किंवा समुद्राखालच्या बोगद्याची रेल्वे पकडण्यापूर्वी फ्रेंच अधिकारी तुमची निर्गमनाची नोंद करतात आणि पुढे काही पावलांवर ब्रिटिश अधिकारी बसलेले असतात. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळणार की नाही, हे फ्रान्सच्या भूमीवरच ठरते. परतताना इंग्लंडमधील डोव्हर बंदरावर याच्या उलट होते. बसमधून सर्वांना उतरवतात आणि प्रत्येकाने आपला पासपोर्ट घेऊन रांगेत उभे राहायचे असते. आमच्या बसमध्ये एका सद्गृहस्थांनी पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा’ म्हणून मोठ्या सुटकेसमध्ये ठेवला होता आणि ती सुटकेस डिकीत अगदी तळाशी होती. चालकाने भर लेनमध्ये डिकी उघडली, साऱ्यांच्या बॅगा ओल्या डांबरावर काढून ठेवल्या आणि मागच्या बसने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पासपोर्ट अंगावर ठेवावा, हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगते आणि प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी विचारतेच की तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवला तर चालेल का. ज्या दिवशी देश बदलणार, त्या दिवशी चालणार नाही.

हा नियम शेंगेनच्या आतही पाळावा. अंतर्गत सीमांवर एरवी तपासणी नसते, तरी देशांना ती तात्पुरती पुन्हा सुरू करता येते. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर ती सुरू केली. पोलीस बसमध्ये चढून पासपोर्ट पाहू शकतात.

तुम्ही कोठे उतरणार, किती दिवस आणि कशासाठी, एवढेच सीमेवरचे अधिकारी विचारतात, आणि नेमक्या त्या वेळी आपली मंडळी मागे वळून टूर मॅनेजरला शोधतात. हॉटेलांचे पत्ते असलेली छापील कार्यक्रमपत्रिका पासपोर्टबरोबरच ठेवा. इंग्रजी येत नसेल तर तो कागद पुढे करणे पुरेसे ठरते. घाबरून पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत.

नवख्या शहरात उतरल्यावर सर्वाधिक तक्रार असते ती बसची. एका काकांनी लिहिले होते की चालकाने दहा मिनिटेही वाट पाहिली नाही, तो फारच उद्धट होता. काका, तो उद्धट नव्हता, कायद्याने बांधलेला होता. युरोपीय संघात साडेचार तास बस चालवल्यावर चालकाने ४५ मिनिटांची विश्रांती घेणे बंधनकारक आहे, दिवसाला साधारणपणे नऊच तास बस चालवता येते, आणि हे सर्व बसमधील टॅकोग्राफ नावाचे यंत्र नोंदवत असते. शिवाय व्हेनिससारख्या ठिकाणी बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळापर्यंतच जाते आणि पुढे बोटीने जावे लागते. तेथे बोट चुकली की केवळ ‘बस कोठे उभी आहे’ हे माहीत असून भागत नाही. उतरल्याबरोबर बसच्या नंबरप्लेटचा आणि धक्क्याच्या नावाच्या पाटीचा फोटो घ्यावा, आणि हॉटेलचे कार्ड खिशात ठेवावे.

शेवटी वेळेविषयी, कारण यावरही बरेच जण विचारतात. ब्रिटन फ्रान्सपेक्षा एक तास मागे आहे. दोन्हीकडची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकत्रच बदलतात, त्यामुळे हा फरक वर्षभर कायम असतो. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, पण ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीच्या काठावर त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये. डोव्हरजवळच्या सेंट मार्गारेट्स बे येथे फोन अनेकदा पलीकडच्या फ्रेंच टॉवरला जोडला जातो आणि ब्रिटनमध्ये उभे असताना फ्रान्सची वेळ दाखवू लागतो. त्या पट्ट्यात टूर मॅनेजरने सांगितलेली वेळ मनगटी घड्याळावर लावून घ्यावी.