बिडीची केस आणि मॅडमचा तास

नागपूर, सिव्हिल लाइन्स. घुमटाच्या या दगडी इमारतीत १९४० पासून हायकोर्ट भरतंय. आधी ते नागपूरचं स्वतःचं होतं, आता मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. मॅडमनी इथं अनेक वर्षं सरकारविरुद्ध रिट, म्हणजे सरकारी हुकुमांना आव्हान देणाऱ्या याचिका, चालवल्या. कुणाचा परवाना रद्द झालेला, कुणाच्या दुकानाला सील, कुणाचं परमिट अडलेलं. पुढे लॉ कॉलेजात पूर्णवेळ शिकवायला लागल्या आणि वकिली थांबली. पगारी नोकरी आणि कोर्टातली वकिली दोन्ही एकदम करता येत नाहीत.

पहिल्याच तासाला त्या सांगून टाकतात, "मी एका बाजूनं लढलेली वकील आहे. माझं ऐका, पण सरकारचं उत्तरही वाचा." शिक्षकानं एवढं मोकळेपणानं सांगावं, याचं मला फार मोल वाटतं.

मग निघते बिडीची केस.

१९४८ साली नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. हंगामात शेतीला मजूर मिळावेत म्हणून कायदा झाला: डेप्युटी कमिशनर ठरवेल त्या गावांत, त्या दिवसांत कुणी बिड्या वळायच्या नाहीत. १३ जून १९५० ला सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला. आठवड्याभरात एक बिडी कारखानदार आणि एक बिडी मजूर थेट सुप्रीम कोर्टात गेले. संविधान लागू होऊन पाच महिनेही झाले नव्हते.

८ नोव्हेंबरला निकाल आला. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी लिहिलं की ही बंदी सरसकट आहे. शेतात राबू न शकणारी म्हातारी माणसं, अपंग, बायका, पोरं फावल्या वेळात बिड्या वळून चार पैसे मिळवतात, त्यांचेही हात बांधले गेले. संविधानानं दिलेल्या कामधंद्याच्या स्वातंत्र्यावर सरकारला फक्त वाजवी निर्बंध घालता येतात, ही बंदी त्यात बसेना.

मॅडम इथं थांबतात. "सांगा, सत्तर वर्षांची म्हातारी शेतात निंदायला जाईल का?"

वर्गात शांतता. मागच्या बाकावर गोंदियाकडची एक मुलगी आहे, तिची आजी बिड्या वळायची. ती उठते. "पण मॅडम, धानाला मजूर मिळालेच नसते तर?"

मॅडम निकालाचं पान उलटतात. कोर्टानं त्यावरही लिहिलंय: हंगामात फक्त शेतमजुरांना रोखलं असतं, नाहीतर बिडीकामाचे तास ठरवून दिले असते, तरी हेतू साधला असता.

"उद्या सरकारतर्फे तू उभी राहा," त्या तिला म्हणतात. "मी तुझ्याविरुद्ध उभी राहते."