व्हॉल्यूमचा आकडा कुठून येतो

[दृश्य: इंडक्शन भट्टी कलते, लॅडल भरते]

कोल्हापूरजवळचं शिरोली. भट्टीतून बिडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, उतरतोय. आज ओतायचंय पंपाचं हाउसिंग. त्याला किती किलो रस लागेल याचा हिशोब भट्टी पेटायच्या आधीच मांडलेला असतो: संगणकावरच्या मॉडेलचं व्हॉल्यूम (घनफळ) गुणिले घनता, वर रनर-रायझरचं, म्हणजे रस साच्यात नेणाऱ्या वाटांचं आणि धातू आटताना भर घालणाऱ्या साठ्याचं, वजन.

[दृश्य: स्क्रीन, हाउसिंगचं मॉडेल फिरतंय]

सॉफ्टवेअर आहे क्रिओ पॅरामेट्रिक, त्रिमितीय मॉडेल बनवायचं. अ‍ॅनालिसिस टॅब, मास प्रॉपर्टीज. खिडकीत व्हॉल्यूम, पृष्ठफळ, घनता, वजन सगळं दिसतं. व्हॉल्यूम आणि वजनाचे आकडे तंतोतंत सारखे दिसले तर मटेरियल दिलेलंच नाही, सॉफ्टवेअरनं घनता १ धरलीय. मिलिमीटर-न्यूटन-सेकंद युनिटमध्ये वजन टनात येतं. त्यामुळे बिडाची ७.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ही घनता ०.००००००००७२ अशी भरावी लागते. एक शून्य इकडेतिकडे झालं की वजन दहापट!

[दृश्य: नुसता दंडगोल]

खात्री करायला सोपा भाग घ्या. ५० मिलिमीटर व्यास, १०० लांबी. उत्तर १,९६,३४९.५४ घन मिलिमीटर यायला हवं, म्हणजे बिडात १.४१ किलो. हे जुळलं तर युनिट आणि घनता बरोबर.

[दृश्य: फाइल, प्रिपेअर, मॉडेल प्रॉपर्टीज, अ‍ॅक्युरसीची ओळ मोठी करून]

आता ही ओळ. फार थोडे जण ती उघडून बघतात. अ‍ॅक्युरसी, म्हणजे सॉफ्टवेअर किती बारीक कड धरतं ते: रिलेटिव्ह, ०.००१२. हा आकडा मिलिमीटरचा नाही, गुणोत्तराचा आहे. भाग ज्या खोक्यात मावेल त्याच्या सर्वांत लांब बाजूशी तो गुणायचा. हाउसिंग ६०० मिलिमीटर, म्हणजे ०.७२ मिलिमीटर. त्याहून बारीक कडेचा सॉफ्टवेअरला भरवसा नाही.

[दृश्य: रिब (आधाराची पट्टी) आणि राउंड (कोपऱ्याची गोलाई) जिथे भिडतात ती जागा]

इथली कड अर्ध्या मिलिमीटरची आहे. राउंड फेल. मग घाईत कुणीतरी तो सप्रेस करतं, म्हणजे मॉडेलमध्ये बंद ठेवतं, काम पुढे सरकतं. अ‍ॅक्युरसीमुळे व्हॉल्यूम थेट फारसं हलत नाही. ते हलतं या सप्रेस केलेल्या राउंडांनी, आणि मास प्रॉपर्टीजची खिडकी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

पुढे याच भागाला फ्लँज (जोडणीची चकती) जोडून लांबी ९०० झाली, तर ०.७२ चे १.०८ होतात. काल चालणारं फीचर (राउंडसारखा मॉडेलचा एखादा घटक) आज लाल, म्हणजे फेल.

[दृश्य: कॉन्फिगरेशन एडिटर]

म्हणून अ‍ॅब्सोल्यूट: भागाच्या लांबीबरोबर न बदलणारी अ‍ॅक्युरसी. कॉन्फिगरेशनमध्ये ‘एनेबल अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅक्युरसी’ला ‘येस’ करा, मग भागात मिलिमीटरमध्ये किंमत द्या, समजा ०.०१. सगळं मॉडेल रिजनरेट होतं, म्हणजे पुन्हा नव्यानं बांधलं जातं, वेळ लागतो, फाइलही फुगते. जुन्या मॉडेलवर हे करायचं तर आधी कॉपी काढा, काही फीचर हमखास पडतात. खरी जागा स्टार्ट पार्टची, म्हणजे ज्यावरून नवे भाग सुरू होतात त्या नमुना फाइलची: तिथे एकदा बसवलं की प्रत्येक नवा भाग तेच घेऊन जन्मतो.

[दृश्य: पॅटर्न शॉप, प्रिंटरवर थर चढतायत]

पॅटर्नसाठी, म्हणजे ज्याचा ठसा साच्यात उमटतो त्या नमुन्यासाठी, एसटीएल फाइल निघते; तिच्यात गोल पृष्ठभाग सपाट त्रिकोणांचा होतो. व्हॉल्यूम तिच्यावरून मोजू नका. वर्तुळाच्या १२ बाजू झाल्या तर भरीव दंडगोल साडेचार टक्क्यांनी घटतो, ३६ झाल्या तर अर्ध्या टक्क्यानं. भोकाचं उलट: ते लहान होतं, धातू वाढतो. पॅटर्नला १ टक्का श्रिंकेज (धातू आटतो त्याची भरपाई) दिलं असेल तर तिन्ही दिशांनी मिळून व्हॉल्यूम ३.०३ टक्के जास्त दिसतं. कोअर प्रिंट (पोकळीचा गाभा टेकवायचे उंचवटे) वेगळेच. वजन काढायचं ते मूळ भागावरून.

[दृश्य: साचे, ओतकाम]

रस कमी पडला की कास्टिंग अर्धवट, जास्त झाला की उरलेला पुन्हा वितळवायचा.

[दृश्य: मोल्ड असेंब्ली, स्क्रीन]

साच्याचं मॉडेल बनवताना वर्कपीस (ज्यातून साचा काढायचा तो ठोकळा) आणि रेफरन्स भाग (ज्याचा साचा काढायचा तो), दोन्हींची अ‍ॅक्युरसी एकच ठेवा, तीही अ‍ॅब्सोल्यूट. फरक दिसला तर क्रिओ विचारतं. तो संदेश न वाचता पुढे जाऊ नका.