पडद्यावरचा आंगरे

(विजयदुर्गची जेटी. ओहोटी. तटाखाली चार पोरं झावळीच्या दांड्यांनी लढताहेत.)

काय खेळताय म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "पायरेट!" सुट्टीत केबलवर हिंदीतून लागतो ना, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन', तो. एकाने डोक्याला आईची लाल ओढणी गुंडाळलीय. मागे किल्ल्याचा तीनपदरी तट. वेगळा सेट कशाला लावायला हवा?

तलवारबाजीच्या आडून हे सिनेमे बरंच काही शिकवून जातात. 2003 सालच्या पहिल्या भागात चाचे अ‍ॅझटेकांच्या सोन्याची पेटी फोडतात, नाणी उधळतात आणि शाप लागतो. मरण येत नाही, आणि जगण्याला चव उरत नाही. सुटका एकच, 882 नाण्यांपैकी एकूण एक नाणं पेटीत परत टाकायचं, वर रक्ताचा थेंब. माझ्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. पुरलेल्या हंड्याला राखणदार असतो, आणि "लोकांचा सोना पचणा नाय," हे ती थिएटरचं तोंड न बघता सांगायची.

तिसरा भाग, 2007 सालचा, थेट आमच्या दारात येतो. त्यात खलनायक आहे ती ईस्ट इंडिया नावाची व्यापारी कंपनी. सुरुवातच फाशीच्या रांगेने होते, आणि त्या रांगेत एक लहान मुलगाही असतो. कंपनीशी लढायला नऊ दर्यांचे नऊ चाचे-सरदार एकत्र येतात. त्यांतला हिंदी महासागराचा सरदार कोण? सुंभाजी आंग्रिया! डोक्याला पागोटं, मागे सेवक.

(अलिबाग. कान्होजी आंगरे यांची समाधी.)

इंग्रजांच्या दप्तरातला 'अँग्रिया' म्हणजे आपले आंगरे. नावावरून पाहिलं तर हा सुंभाजी म्हणजे कान्होजींचा मुलगा संभाजी. 1729 साली कान्होजी गेले. पुढे भाऊबंदकीत त्याचा भाऊ मानाजी कुलाब्याला राहिला आणि संभाजीने दक्षिणेकडचे किल्ले धरले.

सिनेमा ह्या आंगऱ्याला चांगल्यांच्या बाजूला उभं करतो, हे कबूल. कंपनी वाईट, स्वातंत्र्य मोठं, असा त्याचा बोध. (हे सांगणारी डिस्ने म्हणजे काही कोळ्यांची मच्छीमार सोसायटी नव्हे, पण ते असो.) माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमाने आंगऱ्याला फार तर 'चांगला चाचा' केलं. कान्होजी चाचे नव्हतेच. ते सरखेल होते, छत्रपतींच्या आरमाराचे प्रमुख. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाचा परवाना देत, तो नसला की जहाज जप्त करत. कान्होजींनी तेच केलं, त्यांच्या परवान्याला 'दस्तक' म्हणत. पोर्तुगीजांनी केला तर तो कायदा, आंगऱ्यांनी केली तर ती चाचेगिरी.

(पुन्हा विजयदुर्ग. वाघोटणची खाडी, वरून.)

आता ह्या खाडीकडे बघा. फेब्रुवारी 1756. किल्ला संभाजीचा भाऊ तुळाजी आंगरे याचा. समुद्रातून इंग्रजांच्या अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं तोफा डागताहेत, सोबत रॉबर्ट क्लाइव्ह. एक गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचं कंपनीचंच, आंगऱ्यांनी कधीतरी जिंकून आणलेलं. त्याने पेट घेतला आणि आग एका गलबतावरून दुसऱ्यावर, गुराबांवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांवर, पसरत गेली. किती वर्षं खपून बांधलेलं आरमार इथे, ह्या पाण्यात जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

सिनेमातल्या चाच्यांची एक जाडजूड नियमांची पोथी असते, त्यावरून विनोदही होतात. इथे मात्र लुटीची वाटणी कशी करायची, कुणाला किती, हे गणवेशातल्या साहेबांनी मुंबईहून निघण्याआधीच बसून ठरवलं होतं. किल्ल्यात सुमारे दहा लाखांचा ऐवज सापडला. तो आपापसांत वाटून घेतला. किल्ला पेशव्यांना द्यायचा करार होता, तोही लगेच दिला नाही. बाणकोट पदरात पडल्यावर, ऑक्टोबरात, कुठे सोडला.

पेशव्यांना? हो. ह्या लढाईत पेशवे कंपनीच्या बाजूने होते. तुळाजी काही साधुसंत नव्हता. पुण्याचा हुकूम मानत नव्हता, आपल्याच लोकांची जहाजंही सोडत नव्हता. नानासाहेबांना तो नको होता. त्यांचे सरदार रामाजी महादेव जमिनीच्या बाजूने चालून आले होते. बोलणी करायला तुळाजी मराठ्यांच्या गोटात गेला, आणि पुढचं आयुष्य त्याने कैदेतच काढलं. एवढी गुंतागुंत कुठल्या साहसपटात बसवणार? तिथे तीन तासांत बाजू ठरावी लागते.

(पोरं. दांडे खाली ठेवलेले.)

ही सगळी हकिकत मी पोरांना सांगितली. जळणाऱ्या जहाजांपर्यंत त्यांनी डोळे मोठे करून ऐकलं. मग पुन्हा डाव मांडायची घाई. कंपनी व्हायला कुणी तयार होईना, म्हणून सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात ती पडली. तो रुसून बसला.

ओढणीवाल्याने मला विचारलं, "आणि पेशवे खंय उभे रवले?"

मी रस्त्याच्या बाजूला बोट दाखवलं. त्याने वळून पाहिलं. तिकडे एसटीचा थांबा होता आणि दोन बायका मासळीच्या टोपल्या घेऊन गाडीची वाट बघत होत्या.

"मगे तुम्ही पेशवे व्हा," तो म्हणाला, आणि एक दांडा माझ्या हातात दिला.