ज्वारी टाकली, काहीच आलं नाही

(पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसमोर एका ग्रंथपालाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ग्रंथालयाच्या टेबलामागे बसून एक वाक्य मी दरवर्षी ऐकतो : "सर, माझ्या विषयावर कुणी कामच केलेलं नाही." सांगणाऱ्याचा चेहरा निम्मा काळजीत, निम्मा खुशीत. आपण पहिलेच, ही खुशी! मी विचारतो, "शोधलंस कशात? आणि काय टाकून?" गाडी अडते ती बहुधा दुसऱ्या प्रश्नावर.

मागे मंगळवेढ्याकडची एक विद्यार्थिनी आली होती. घरची शेती ज्वारीची, विषयही ज्वारीवरची खोडमाशी. तिनं शोधाच्या चौकटीत अख्खं इंग्रजी वाक्य टाकलं होतं, 'जोवार' हा शब्द धरून अकरा शब्दांचं. निकाल शून्य. येणारच. बरेचसे डेटाबेस, म्हणजे लेखांच्या नोंदींचे साठे, तुमच्या शब्दांच्या मधे आपणहून 'अँड' घालतात. म्हणजे अकराच्या अकरा शब्द ज्यात सापडतील तेवढेच लेख द्या, असं तुम्ही सांगितलेलं असतं. गुगलनं आपल्याला प्रश्न विचारायची सवय लावली आहे. इथे प्रश्न कुणी वाचत नाही, शब्दाला शब्द जुळतो का एवढंच पाहिलं जातं.

मी म्हटलं, कीबोर्ड राहू दे, वही काढ. माशी काय करते ते मला सांग. मग मुलगी खुलली. "रोप कोवळं असतं तेव्हा पानाखाली एकेक अंडं घालते. अळी आत शिरून कोंब कुरतडते. मधला पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो, आणि कुजका वास मारतो. आमच्यात पोंगेमर म्हणतात."

या चार वाक्यांत तिचा निम्मा शोध झाला होता. आम्ही प्रत्येक शब्दासमोर त्याचं शास्त्रातलं नाव लिहीत गेलो. ज्वारी म्हणजे सॉर्घम. खोडमाशी म्हणजे शूट फ्लाय, शास्त्रीय नाव अथेरिगोना सोकाटा. पोंगेमर म्हणजे डेड हार्ट. आपली रब्बी ज्वारी शास्त्रज्ञांच्या लेखांत 'पोस्टरेनी सॉर्घम' होऊन बसते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेचे लेख काढून बघा. आणि घरोघरची मालदांडी? ती 'एम ३५-१' या नावानं सापडते. मोहोळला स्थानिक मालदांडीतूनच हे वाण निवडलं गेलं. लेखात मात्र मालदांडी हा शब्द असेलच असं नाही.

मग गंमत झाली. तिनं उत्साहाच्या भरात नुसतं 'डेड हार्ट' पबमेडमध्ये टाकलं. पबमेड पडला वैद्यकाचा डेटाबेस; समोर हृदयविकार आणि हृदयरोपण! दोन शब्द अवतरणचिन्हांत घातले की ते सलग शोधले जातात, हे खरं; पण इथे तेवढ्यानं भागत नाही, सोबत सॉर्घम हवंच. शिवाय काही लेखक हे दोन शब्द जोडून एकच करतात. तेव्हा दोन्ही रूपं मधे 'ऑर' (हे किंवा ते, काहीही चालेल) घालून एका कंसात, आणि कंसाबाहेर 'अँड सॉर्घम'. कंस विसरलात तर डेटाबेस आपल्या मनानं क्रम लावतो आणि भलतंच पुढ्यात येतं. नको असलेला शब्द वगळणारं 'नॉट' मात्र जपून वापरा. मका नको म्हणून 'नॉट मेझ' लिहिलंत, तर ज्वारी-मक्याची तुलना करणारा चांगला लेखही गेला.

सगळ्यात जास्त वेळ गेला जुन्या नावांवर, आणि मला तोच भाग आवडतो. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं आणि त्यामागोमाग खोडमाशीचा उपद्रव फार वाढला. म्हणजे तिला त्या काळातले लेख हवेतच. पण तेव्हा ज्वारीला 'सॉर्घम व्हल्गेअर' म्हणत, त्याआधी 'अँड्रोपोगॉन सॉर्घम'. माशीही जुन्या लेखांत 'अथेरिगोना व्हेरिया सोकाटा' किंवा 'अथेरिगोना इंडिका' म्हणून भेटते. मद्रासकडच्या लेखांत ज्वारीचं 'चोलम' होतं. नुसतं आजचं नाव टाकणाऱ्याला हे सगळं दिसतच नाही, आणि तो खुशाल लिहितो, 'या विषयावर पूर्वी संशोधन झालेलं नाही'.

एक बरा लेख हाती लागला की त्याची संदर्भसूची बघता, ती मागची वाट. पुढची वाट गुगल स्कॉलरमध्ये, म्हणजे गुगलच्या संशोधन-लेख शोधायच्या सेवेत, लेखाखालीच असते : 'साइटेड बाय'. दाबलं की त्या लेखाचा आधार घेणारे नंतरचे लेख येतात. शेतीवाल्यांनी एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं) ॲग्रिस आणि कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी कृषिकोश बघायचंच. इतरांना भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी शोधगंगा आहे.

आता पैशाचं. एका विद्यार्थ्यानं परदेशी प्रकाशकाचा एक लेख वडिलांच्या कार्डावरून विकत घेतला आणि मग मला दाखवायला आला. तोच लेख लेखकाच्या संस्थेच्या ऑनलाइन भांडारात फुकट होता! मला त्याच्यापेक्षा माझाच राग आला. हे मी आधी सांगायला हवं होतं. लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून आधी गुगल स्कॉलरमध्ये बघा. त्याच्या 'ऑल व्हर्जन्स'मध्ये फुकट प्रत पुष्कळदा असते. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना त्यातून मिळतात. ज्यांचं कॉलेज त्यात बसत नाही त्यांनी एन-लिस्टचं (महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकांच्या सेवेचं) लॉगिन आहे का ते विचारावं.

आणि वही ठेवा. कुठल्या तारखेला, कुठल्या डेटाबेसमध्ये, नेमकं काय टाकलं, किती लेख आले. सहा महिन्यांनी मार्गदर्शक विचारतात तेव्हा आठवत नाही.

दुपारी दोन ते चार मी टेबलावर असतो. विषय एका वाक्यात लिहून आणा. इंग्रजीत नसला तरी चालेल. पोंगेमरसारखा घरचा शब्द आणलात तर उत्तमच.