तेच जॅकेट, प्रत्येक साइटवर

[संध्याकाळ. दोरीवर ओळीने टांगलेली जॅकेटं. गाडीचे हेडलाइट लागतात.]

ही सगळी जॅकेटं एकाच कंपनीची. पाठीवरचं नाव तेच, बोधचिन्ह तेच. डावीकडची रस्त्याच्या कामावरून आणलेली, मधली गोदामातली, उजवीकडची रेल्वेमार्गाशेजारच्या साइटवरची. दुपारी ही ओळ पाहणाऱ्याला सगळी सारखीच पिवळी वाटतील. आता हेडलाइट लागलेत. काही पट्ट्या लखलखतायत, काही राखाडी पडल्यात. शेवटून तिसऱ्या जॅकेटावर तर पट्टी कुठे आहे तेच शोधावं लागतंय.

कागदावर मात्र प्रत्येक साइटचा शेरा एकच आहे: ‘सर्व कामगारांना सेफ्टी जॅकेट दिले.’ शेरा खोटा नाही. जॅकेट दिलंच होतं. दिल्यानंतर त्याचं काय झालं, याची नोंद कुठल्याच साइटवर नाही.

[जवळून: कापडाचा पोत, मग पट्टी.]

जॅकेटात दोन गोष्टी काम करतात आणि दोघींच्या पाळ्या वेगळ्या आहेत. कापडाची पाळी दिवसाची, पट्टीची रात्रीची. फ्लोरोसंट कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि पिवळ्या-हिरव्या किंवा नारिंगी रंगात बाहेर टाकतं. म्हणून ढगाळ हवेत, पहाटे, दिवस कलताना ते आसपासच्या रंगांहून उजळ दिसतं. अंधार पडला की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो आणि पट्टीची पाळी सुरू होते. पट्टीवर काचेचे सूक्ष्म मणी असतात आणि त्यांच्यामागे धातूचा चमकदार थर. मण्यात शिरलेला प्रकाश वळतो, मागच्या थरावर आपटतो आणि आला त्याच दिशेने परत जातो.

[अंधार. एक कामगार उभा. दिवा कॅमेऱ्याशेजारी. मग कॅमेरा बाजूला सरकतो.]

इथे दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटून धरलाय. पट्टी पेटल्यासारखी दिसते. दिवा जागेवरच आहे, आता फक्त कॅमेरा बाजूला नेतो. पट्टी विझली. प्रकाश अजूनही तिच्यावर पडतोय, पण तो दिव्याकडे परत चाललाय, आपल्याकडे नाही. गाडी चालवणाऱ्याचे डोळे हेडलाइटच्या दिशेलाच असतात, म्हणून त्याला पट्टी दिसते. बाजूला उभ्या मुकादमाला ती राखाडीच दिसणार. तेव्हा नुसत्या नजरेने ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या तपासणीला फारसा अर्थ नाही. स्टोअरमध्ये तपासायचं असेल तर खोली अंधारी करायची, टॉर्च कानशिलाला टेकवून धरायची आणि लांबून बघायचं. शेजारी एक कोरं जॅकेट टांगलेलं हवं, नाहीतर डोळा कशालाही सरावतो.

[पडद्यावर कालरेषा.]

थोडा इतिहास. 1964 साली ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने ग्लासगोमध्ये विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रूळ दुरुस्त करणाऱ्यांना नारिंगी फ्लोरोसंट जॅकेटं देऊन पाहिली. पुढे अशा कपड्यांसाठी मानकं, म्हणजे ठरवून दिलेल्या कसोट्या, आल्या: युरोपात ईएन 471, अमेरिकेत 1999 मध्ये एएनएसआय 107, आणि 2013 मध्ये ईएन 471 ची जागा घेणारं आयएसओ 20471. अमेरिकेत केंद्रीय निधीच्या महामार्गांवर वाहतुकीजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला असं जॅकेट सक्तीचं झालं ते नोव्हेंबर 2008 पासून.

[टेबलावर तीन पोशाख पसरलेले. वरून दृश्य.]

आयएसओ 20471 तीन श्रेणी सांगतं आणि श्रेणी ठरते ती दिसणाऱ्या क्षेत्रफळावर. पहिल्या श्रेणीला फ्लोरोसंट कापड किमान 0.14 चौरस मीटर, दुसरीला 0.50, तिसरीला 0.80. पट्टीचं क्षेत्रफळ अनुक्रमे 0.10, 0.13 आणि 0.20 चौरस मीटर. पट्टीची रुंदी 50 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. तिसऱ्या श्रेणीसाठी आणखी एक अट आहे: धडासोबत पट्ट्यांच्या बाह्या हव्यात, नाहीतर पट्ट्यांची पूर्ण लांबीची पँट. म्हणजे बिनबाह्यांचं जॅकेट कितीही झगझगीत असलं, तरी एकट्याने तिसऱ्या श्रेणीत जात नाही. खरेदीच्या कागदावर ‘हाय व्हिजिबिलिटी जॅकेट, नग अमुक’ एवढंच लिहिलं असेल, तर पुरवठादार तिन्हींपैकी काहीही पाठवू शकतो आणि त्याला खोटं ठरवता येत नाही.

[पूर्ण अंधार. दोघे कामगार चालत येतात. एकाला फक्त जॅकेट. दुसऱ्याच्या मनगटांवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवरही पट्ट्या.]

तिसऱ्या श्रेणीचा आग्रह कशासाठी, ते इथे दिसतं. डावीकडे एक उजळ चौकोन येतोय. फलक असेल, बॅरिकेड असेल, काहीही असेल. उजवीकडे मात्र माणूस चालतोय, हे सांगावं लागत नाही. गुनार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं होतं की अंधारात फक्त सांध्यांवरचे काही ठिपके हलताना दिसले, तरी बघणारा क्षणात माणूस ओळखतो. नुसतं ‘काहीतरी आहे’ एवढं कळून चालकाचा पाय ब्रेकवर जाईलच असं नाही.

[निवेदन नाही. रात्रपाळी बदलते. यंत्रांचे दिवे, रिव्हर्स गिअरचा आवाज.]

[दिवस. साइटचं फाटक. कामगार आत येतात.]

आता मूळ गोष्टीकडे. एकाच कंपनीची जॅकेटं इतकी वेगळी होतात कशी?

पहिलं कारण घाईची खरेदी. सकाळी नवीन टोळी येऊन उभी राहते, स्टोअरमध्ये माप नसतं, कोणीतरी जवळच्या दुकानात जातो आणि मिळेल ते आणतो. काम थांबत नाही. पण त्या दिवसापासून त्या साइटवर दोन जाती नांदायला लागतात.

दुसरं कारण छपाई. हे जॅकेट पाहा. पाठभर बोधचिन्ह, त्याखाली घोषवाक्य, त्याखाली फोन नंबर. छापलेला प्रत्येक इंच फ्लोरोसंट कापडातून वजा होतो. श्रेणीच्या काठावरचं जॅकेट छपाईनंतर खालच्या श्रेणीत घसरतं. मालकाचं नाव ठसठशीत दिसतं, ते जॅकेट घातलेला माणूस तेवढा कमी दिसतो. नाव हवंच असेल तर छातीवर छोटं घ्या, आणि उत्पादकाकडून आधी विचारून घ्या की ते वजा करूनही श्रेणी राहते का.

[चार साइटवरचे सुपरवायझर, प्रत्येकाच्या अंगात वेगळा रंग.]

तिसरं कारण हुद्द्यांचे रंग, आणि यात सर्वात जास्त गोंधळ आहे. एका साइटवर निळं जॅकेट म्हणजे इलेक्ट्रिशियन, दुसरीकडे पाहुणा, तिसरीकडे सुपरवायझर. माणूस या साइटवरून त्या साइटवर गेला की त्याचा हुद्दा बदलतो, तोही नुसत्या कपड्यामुळे! शिवाय आयएसओ 20471 मध्ये कापडाचे रंग तीनच आहेत: फ्लोरोसंट पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल. निळ्या जॅकेटावर कितीही पट्ट्या लावल्या, तरी ते या मानकात बसत नाही. हुद्दा हेल्मेटवर दाखवावा आणि अंग सगळ्यांचं सारखं ठेवावं. ब्रिटनमध्ये बिल्ड यूके या संघटनेने हेल्मेटचे रंग सर्व साइटसाठी असेच ठरवून दिले आहेत, सुपरवायझरला काळं, क्रेनला इशारे देणाऱ्याला नारिंगी. अंगावरच हुद्दा लिहायचा असेल तर खांद्यापाशी एक छोटी पट्टी पुरते.

[स्टोअर. स्टोअरकीपर रॅकवरून जॅकेट काढतो, टॅग वाचणाऱ्या यंत्राखाली धरतो.]

आता हे स्टोअर. आमच्या चित्रीकरणातली ही सर्वात शांत जागा, आणि मला विचाराल तर सर्वात महत्त्वाचीही. सेफ्टी ऑफिसरच्या भाषणांना टाळ्या मिळतात, पण जॅकेटं एकसारखी राहतात ती इथे बसलेल्या माणसामुळे.

भिंतीवर टांगलेलं जॅकेट कोणाला द्यायचं नाही. तो मंजूर नमुना. त्याच्यावर सही-शिक्का आहे, आणि असाच नमुना प्रत्येक साइटच्या स्टोअरमध्ये आहे. शेजारी एक पान: श्रेणी, रंग, पट्टीची रुंदी आणि मांडणी, छपाईची जागा आणि मोठ्यात मोठा आकार, चेन की वेल्क्रो. वेल्क्रोला कारण आहे. जॅकेट फिरत्या यंत्रात अडकलं तर झटक्यात सुटून यावं. नवीन माल आला की त्यातला एक नग काढून नमुन्याशेजारी धरतात आणि आतलं लेबल वाचतात. माल जुळत नसेल तर तो रॅकवर जातच नाही, बाहेर टोळी खोळंबली असली तरी. खोळंबा होऊ नये म्हणून वेगळा साठा ठेवलाय, आणि तो सगळ्या साइटचा मिळून एकच आहे. या साइटला कमी पडलं तर त्या साइटकडून येतं, दुकानातून नाही.

रॅकवर लहान मापंही आहेत. बायकांच्या मापाची आहेत. हे वेगळं सांगतोय, कारण अनेक ठिकाणी ती नसतात. ढगळ जॅकेट मग कंबरेला गाठ मारून, घड्या घालून घालावं लागतं. गाठीत गेलेली पट्टी कोणाला दिसणार?

[धुलाई. मोठं यंत्र फिरतंय. लेबलवर कॅमेरा स्थिरावतो.]

आणि ही धुलाई. इथे जरा थांबूया.

लेबलवरच्या धुलाईच्या चिन्हांशेजारी एक आकडा छापलाय, 25. म्हणजे 25 धुण्यांपर्यंत जॅकेट तपासलेलं आहे. चाचणीचा हिशोब असा: ठरलेल्या कोनातून नव्या पट्टीने दर चौरस मीटरला, दर लक्समागे (लक्स हे पडणाऱ्या प्रकाशाचं माप, कँडेला परत येणाऱ्या प्रकाशाचं) 330 कँडेला परत द्यायला हवेत, आणि धुण्यांनंतरही 100 च्या खाली जाता कामा नये. फरक मोठा आहे, पण मानकाने तो धरलेलाच आहे. अडचण एवढीच, की घरी धुतलेल्या जॅकेटाची कितवी धुलाई झाली ते कोण मोजणार? घरी ब्लीच पडतं, त्यात फ्लोरोसंट रंग मरतो. कपडे मऊ करणारं द्रावण पडतं, त्याचा थर पट्टीवर बसतो. घासणीने पट्टी घासली की मणी निघून येतात. यात कामगाराचा काही दोष नाही. सिमेंट आणि ग्रीसने भरलेलं जॅकेट तो स्वच्छ करू पाहतोय, आणि जितकं मन लावून घासतो तितकी पट्टी आंधळी होते.

म्हणून इथे जॅकेट घरी जात नाही. शिफ्ट संपली की ते या पिंपात पडतं. प्रत्येक जॅकेटाच्या आत टॅग शिवलेला आहे. धुलाईत गेलं की नोंद आपोआप एकाने वाढते. माणूस दुसऱ्या साइटवर गेला तरी जॅकेटाचा क्रमांक आणि धुण्यांची संख्या त्याच्याबरोबर जाते. टॅग परवडत नसेल तर पक्क्या शाईचा क्रमांक आणि एक वहीसुद्धा चालते, भरणारा माणूस नेमलेला असला म्हणजे झालं. आकड्यावर डोळे झाकून भरवसा मात्र ठेवायचा नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्याचं कापड आधी विटतं, डांबरावर काम करणाऱ्याची पट्टी आधी काळी पडते. त्यासाठी मघाची टॉर्च.

[पाऊस. कामगार घाईने रेनकोट चढवतात.]

पाऊस आला आणि आमचं काम झालं. बघा, इतका वेळ ज्याची काळजी घेतली ते जॅकेट एका मिनिटात गडद रेनकोटाखाली गेलं. दिसतो तो सर्वात वरचा कपडा. म्हणून रेनकोट आणि थंडीचा कोटही त्याच श्रेणीचा हवा. तोच प्रकार हार्नेसचा, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा, आणि पाठीवरच्या पिशवीचा.

[वेल्डिंगच्या ठिणग्या.]

एका बाबतीत मात्र एकसारखेपणा अंगावर येऊ शकतो. जिथे आग किंवा विजेच्या झोताचा धोका आहे, तिथे साधं पॉलिएस्टरचं जॅकेट वितळून चिकटतं. खाली कितीही चांगला ज्वालारोधक पोशाख असला तरी वर हे नको. तिथे श्रेणी आणि मांडणी तीच, पण कापड आणि पट्टी ज्वालारोधक. स्टोअरमध्ये त्याचा रॅक वेगळा, टॅगचा रंगही वेगळा.

रंगावर मतभेद आहेत, तेही सांगतो. हिरव्यागार झाडीपुढे पिवळं-हिरवं जॅकेट मिसळून जातं, आणि नारिंगी शंकू आणि नारिंगी यंत्रांच्या गर्दीत नारिंगी. ब्रिटनच्या रेल्वेमार्गांवर नारिंगीच लागतं. म्हणून सगळ्या साइटना एकच रंग हा हट्ट मला पटत नाही. एका साइटवर एक रंग, आणि श्रेणी, मांडणी, धुलाई, नोंद सगळीकडे एक, एवढं पुरे.

[ठेकेदाराची टोळी स्टोअरच्या खिडकीशी.]

ही माणसं कंपनीच्या पगारपत्रकावर नाहीत. बहुतेक ठिकाणी त्यांनी जॅकेट स्वतः आणायचं असतं, आणि सर्वात विटकी जॅकेटं त्यांच्याच अंगावर असतात. मागे येणाऱ्या डंपरच्या चालकाला मात्र पगारपत्रक दिसत नाही. इथे करारातच लिहिलंय: फाटकातून आत येणारा प्रत्येकजण याच खिडकीतून, याच रॅकवरचं जॅकेट घेईल. जाताना परत करेल. खर्च कंपनीचा.

जॅकेट हा शेवटचा उपाय आहे, आधी माणसांची वाट आणि गाड्यांची वाट वेगळी करायला हवी, हेही नोंदवून ठेवतो.

[कात्री. जुन्या जॅकेटाच्या पट्ट्या कापल्या जातात.]

आणि हे बाद झालेलं. याच्या पट्ट्या इथेच कापून टाकतात, कारण अख्खं टाकलं तर ते कुठल्या ना कुठल्या साइटवर पुन्हा उगवतं. स्टोअरकीपर क्रमांक खोडतो, बाद होण्याचं कारण लिहितो आणि त्याच मापाचं एक नवीन जॅकेट रॅकवरून खाली घेतो.