छत एकेकट्याला गाठतं

(चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरातलं कुणी ना कुणी लालपेठला, महाकालीला नाही तर दुर्गापूर रय्यतवारीला उतरलेलं आहे. त्यामुळे भूमिगत खाण कशी असते हे सांगत बसत नाही. छत कोसळून होणारे अपघात कसे टाळायचे, हा आजचा विषय. पण त्याआधी एक गोष्ट मला बोलायचीच आहे.

धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीतला अपघात आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 27 डिसेंबर 1975, खाणीत पाणी घुसलं, पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. देश हादरला. छत तसं करत नाही, ते एकेकट्याला गाठतं. एका पाळीत एक माणूस जातो, पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. आपल्या भूमिगत कोळसा खाणींत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त जीव याच कारणानं गेलेत, पण ते एकेक करून गेले म्हणून कधी त्यांचा गाजावाजा झाला नाही.

मी नोकरीत असतानाचा एक अपघात सांगतो. खाणीचं नाव घेत नाही. सपोर्टचं काम करणारा माणूस फेसवर, म्हणजे जिथं कोळसा काढणं चालू असतं तिथं, गेला आणि दगडाखाली सापडला. चौकशी झाली. अहवालात वाक्य आलं: मृत कामगार आधार नसलेल्या छताखाली गेला. अहो, तो सपोर्टमन होता! आधार नसलेल्या छताला आधार द्यायला त्याला पाठवलं होतं. आदल्या पाळीत ब्लास्टिंग झालं, कोळसा उचलला गेला, आणि छतात भोक पाडून लोखंडी बोल्ट मारायचं ड्रिल बंद होतं. बोल्ट वर स्टोअरमध्ये पडून होते. तरी कोळसा भरणं थांबलं नाही, कारण पाळीचा हिशेब टनांत मागतात, बोल्टांत कुणी मागत नाही. तात्पुरते टेकू लावून त्याच्या डोक्यावर आडोसा केला होता का? ड्रिल बंद असल्याचं कुणी कुणाला कळवलं? यातलं अहवालात काहीच नव्हतं. मेलेल्या माणसावर चूक टाकली की फाइल बंद होते, आणि पुढच्या पाळीला दुसरा माणूस त्याच जागी उभा राहतो. हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

छत आधी सूचना देतं का? पुष्कळदा देतं. फरशी बसवणारा मिस्त्री प्रत्येक फरशीवर टकटक करून बघतो. खाली पोकळी असेल तर आवाज बदलतो. सरदार, म्हणजे खाणीत पाळीच्या सुरक्षेची पाहणी करणारा माणूस, पहारीनं छत ठोकतो ते याचसाठी. खणखणीत वाजलं तर थर एकसंध, बद्द वाजलं तर वरचा थर सुटलाय. जाणता माणूस एका हातानं ठोकतो आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवतो, कारण कानाला न कळणारी थरथर बोटांना कळते. जुनी माणसं लाकडी टेकूवर भरवसा ठेवायची, कारण तो मोडण्याआधी करकरतो. पण शेजारी यंत्र धडधडत असेल तर करकर ऐकणार कोण? आणि जाड थर वर कुठेतरी सुटला असेल तर पहारीला तो सापडतही नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग मुख्य मुद्दे भरभर घेतो.

धनबादच्या संशोधकांनी आपल्या खाणींसाठी छताला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत बसवली. पाच गोष्टी बघतात. सगळ्यात जास्त गुण कशाला? हात वर करा. दगडाच्या मजबुतीला? पहिल्या वर्षाची मुलंही हेच सांगतात, म्हणजे तुम्हाला मायनिंगला प्रवेश मिळायला हरकत नाही. मजबुतीला फक्त 15. थरांच्या जाडीला 30, भेगा आणि स्लिपना, म्हणजे दगड ज्यावरून निसटतो त्या गुळगुळीत फटींना, 25, हवापाण्यानं दगड किती झिजतो त्याला 20, झिरपणाऱ्या पाण्याला 10. दगड कितीही टणक असो, थर पातळ असतील आणि मधून स्लिप जात असेल तर तो खाली येणारच. म्हणून बोल्ट. टेकू सुटलेला थर खालून तोलतो. बोल्ट थर सुटायच्या आत त्यांना एकमेकांशी आवळून धरतो. उशिरा मारला तर त्याचा अर्धा उपयोग गेला. भोकात सिमेंट किंवा रेझिन नीट भरलं नसेल तर तो नुसता लोखंडाचा तुकडा. म्हणून बोल्ट ओढून बघायची चाचणी कागदावर नको, छतावर हवी. आणि वरचा सुटलेला थर किती सरकला हे दाखवणारं टेल-टेल नावाचं साधन जागोजागी हवं, ते येताजाता कामगाराला वाचता यायला हवं.

2017 च्या कोळसा खाण विनियमांनी छताच्या नियंत्रणाचा आणि निरीक्षणाचा आराखडा सक्तीचा केलाय. अमेरिकेत 1968 साली फार्मिंग्टनच्या कोळसा खाणीतल्या स्फोटात 78 माणसं गेली, पुढच्याच वर्षी कडक कायदा आला, छतासाठी मंजूर आराखडा बंधनकारक झाला. तिथल्या भूमिगत कोळसा खाणींत छत कोसळून एकही मृत्यू नाही असं पहिलं वर्ष उजाडलं ते 2016 साली. जवळजवळ पन्नास वर्षं लागली, पण ते झालं.

माझी मागणी दोन ओळींची आहे. पाळीच्या रजिस्टरात टनांच्या आधी बोल्टांचा रकाना असावा, आणि तो कोरा असेल तर त्या फेसवरून कोळसा उचलू नये. चौकशीत पहिला प्रश्न असावा की शेवटचा बोल्ट कधी मारला आणि तो फेसपासून किती लांब होता. मृतानं काय केलं ते त्यानंतर विचारा.

आता प्रश्न घेऊ. मागे उभे आहेत त्यांना आधी माइक द्या, ते पाळी संपवून आलेत.